जिद आणि जिद्द

गेली १९ वर्षे मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. दोन भाषा रोज एकाच फळ्यावर लिहायच्या म्हटल्या की काही शब्द मध्येच वाट अडवतात. त्यातला एक शब्द 'जिद्द'. आठवीच्या मुलांना या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला की दरवर्षी निम्म्या वह्यांत साधारण एकच वाक्य सापडते : 'माझा लहान भाऊ फार जिद्दी आहे, म्हणून अम्मी त्याला मारते.'

मुलांचे काही चुकत नाही. घरी ती जी दखनी बोलतात, तिच्यात जिद म्हणजे हट्ट, अडेलपणा. जिद करणारे मूल धपाटा खाते. मराठीत मात्र हट्टी मुलाला धपाटा मिळतो आणि जिद्दी मुलाला शाल-श्रीफळ. शब्द एकच आहे. मूळ अरबी, अर्थ 'विरुद्ध', 'उलट'. उर्दू व्याकरणात विरुद्धार्थी शब्दांना 'अजदाद' म्हणतात, ते याच शब्दाचे अनेकवचन. म्हणजे जगाच्या उलट उभे राहणे हा मूळ अर्थ. उर्दूने त्यातला त्रास लक्षात ठेवला, मराठीने त्यातली चिकाटी घेतली. मला वाटते, दोघींचेही खरे आहे. जिद्दी माणसाचा सत्कार नंतर होतो. आधी बरीच वर्षे तो घरच्यांना आणि गावाला हट्टीच वाटत असतो.

असाच दुसरा शब्द 'जुनून'. मराठीत आपण ध्यास म्हणतो, वेड म्हणतो. जुनून ज्या अरबी धातूपासून आला त्याचा अर्थ झाकणे. अकलेवर पडदा पडला की जुनून. डोळ्यांना दिसत नाही तो जिन्न, आईच्या पोटात झाकलेला गर्भ तो जनीन आणि झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. वेड आणि बाग एकाच मुळातून निघावेत, हे मुलांना सांगताना मला दरवेळी एका माळ्याची आठवण येते. त्याचे नाव नामदेव.

नामदेव माळी उर्दू वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना शाळेच्या पुस्तकातून भेटला आहे. मराठी वाचकांना मात्र तो फारसा माहीत नाही, आणि याचे मला नेहमी नवल वाटते. कारण माणूस आपल्याच मातीतला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या बीबी का मकबऱ्याच्या बागेत तो माळी होता. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातीत जन्मलेला. त्याच्यावर व्यक्तिचित्र लिहिले ते मौलवी अब्दुल हक यांनी, ज्यांना उर्दू जग 'बाबा-ए-उर्दू' म्हणते. 'चंद हमअसर' या त्यांच्या पुस्तकात मोठमोठ्या विद्वानांची आणि नामवंतांची चित्रे आहेत. त्याच रांगेत, त्याच मानाने, त्यांनी या माळ्याला बसवले.

मकबऱ्याची बाग तेव्हा मौलवी साहेबांच्या देखरेखीखाली होती आणि त्यांचे राहणेही बागेच्या आवारातच होते. त्यांच्या लिहिण्याच्या मेजासमोर मोठी खिडकी होती. लिहिता लिहिता मान वर केली की नामदेव दिसायचा. रोपाच्या बुंध्याभोवतीचे आळे साफ करतोय, पाणी घालतोय, मग दोन पावले मागे सरून त्या रोपाकडे बघतोय आणि स्वतःशीच हसतोय. आपल्याला कोणी पाहते आहे याची त्याला दादही नसायची. त्याला मूलबाळ नव्हते. रोपेच त्याची लेकरे. एखाद्या रोपाला कीड लागली की घरात मूल आजारी पडल्यासारखा तो कासावीस व्हायचा. झाडपाल्याची त्याला चांगली जाण होती. लोक आपली आजारी मुले त्याच्याकडे आणत आणि तो औषधाचा पैसा घेत नसे.

मग एका वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या. मराठवाड्याच्या माणसाला पुढचे सांगायला नको. बागेतली झाडे पटापट वाळू लागली. नामदेव मात्र कुठून कुठून घडे भरून आणायचा. दिवसा आणायचा, रात्रीही आणायचा. ते पाणी तरी कसले, निम्मा चिखलच. पण त्याचा ताटवा हिरवा राहिला. मौलवी साहेबांनी खूश होऊन त्याला इनाम देऊ केले, ते त्याने घेतले नाही. आपली लेकरे जगवली म्हणून कोणी बक्षीस घेते का, असा त्याचा सवाल होता.

पुढे शिक्षण खात्याच्या वरिष्ठांनी त्याचे काम पाहून त्याला शाही बागेत नेले. तिथे मोठा कारभार, तालीम घेतलेले तज्ज्ञ. नामदेवने बागकामाचे कसलेच शिक्षण घेतले नव्हते. तिथेही तो तसाच राहिला. कामात डोके घातले की जगाचा विसर. एके दिवशी मधमाश्यांचे मोहोळ उठले. बाकीचे माळी पळाले, लपले. नामदेव कामातच होता. माश्या त्याच्यावर तुटून पडल्या आणि त्यातच तो गेला.

हा पाठ शिकवून झाला की वर्ग काही क्षण गप्प असतो. मग कोणीतरी विचारतेच, 'टीचर, पण त्याने मिळवलं काय?' प्रश्न रास्त आहे. ना पदक, ना पुस्तक, ना पुतळा. मौलवी साहेबांचे म्हणणे असे की देवाने माणसाच्या हाती जी कुवत दिली, ती त्याने पूर्णत्वाला नेली का, एवढाच हिशेब शेवटी खरा. आमच्या मुलांना कयामतचा दिवस, हिशेब, नामा-ए-आमाल हे शब्द घरातून ठाऊक असतात. त्या हिशेबात चिखलाच्या पाण्याचे घडेही मोजले जातील, ही कल्पना त्यांना लगेच पटते. मोठ्यांना ती पटायला थोडा वेळ लागतो.

खिडकीच्या आतला माणूसही पाहण्यासारखा आहे. अब्दुल हक यांचा जन्म १८७० चा, उत्तर प्रदेशातल्या हापुडजवळचा. शिक्षण अलीगढला. नोकरीसाठी निजामाच्या राज्यात आले, शाळा तपासनीस झाले, पुढे औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ मध्ये सुरू झाली होती. १९१२ मध्ये तिची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि ती संस्था त्यांनी आपल्यासोबत औरंगाबादला आणली. त्यानंतर सुमारे २५ वर्षे उर्दू भाषेच्या कामाचे एक मोठे ठिकाण दिल्ली नव्हते, लखनौ नव्हते, आपले औरंगाबाद होते. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक इथूनच निघू लागले. दखनीतली जुनी हस्तलिखिते त्यांनी शोधून काढली. मुल्ला वजहीचे 'सबरस' हे १७ व्या शतकातले गद्य त्यांनी संपादित करून लोकांसमोर आणले. १९३७ मध्ये त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी-उर्दू शब्दकोश बाहेर पडला. शब्दकोश म्हणजे काय काम असते, हे मुलांना कळावे म्हणून मी कधी कधी त्यांना 'पाणी' या एका शब्दाचे सगळे उपयोग गोळा करायला सांगते. पाणी पिणे, पाणी फिरणे, पाणी जोखणे, तोंडाला पाणी सुटणे. तासाभरात मुले थकतात. असे हजारो शब्द!

मला विशेष वाटते ते याचे की मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तक लिहिले. उर्दूसाठी आयुष्य वेचणारा माणूस शेजारच्या भाषेच्या अंगणात जाऊन तिचे शब्द कुतूहलाने न्याहाळतो. 'तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता' हे वाक्य माझ्यासारखीने आयुष्यात किती वेळा ऐकले असेल याचा हिशेब नाही. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, पण त्या 'असून'ची ठेच लागतेच. अशा वेळी मला ते पुस्तक आठवते. भाषांची ये-जा आपल्या वादांपेक्षा फार जुनी आहे.

अंजुमनचे कार्यालय १९३८ मध्ये दिल्लीला गेले. १९४७ च्या दंगलीत ते लुटले गेले. आयुष्यभर जमवलेल्या कागदपत्रांची आणि पुस्तकांची डोळ्यांदेखत वाताहत झाली. मौलवी साहेब तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्या वयात ते कराचीला गेले आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून संस्था उभारायला लागले. १९६१ मध्ये गेले तोवर काम चालूच होते. दुष्काळात घडे वाहणाऱ्या माळ्याचे मोल या माणसाला का कळले असेल, हे त्यावरून समजते.

तिसरा माणूस दूरचा, इजिप्तचा. ताहा हुसैन. त्यांचे 'अल-अय्याम' हे आत्मकथन मी बी.एड.च्या काळात उर्दू अनुवादातून वाचले. जन्म १८८९ चा, एका खेड्यातला. वडिलांच्या १३ मुलांतला हा ७ वा. तीनेक वर्षांचे असताना डोळे आले. घरच्यांनी आधी दुर्लक्ष केले, मग गावच्या न्हाव्याला बोलावले, त्याने काहीतरी उपचार केला आणि दृष्टी कायमची गेली. न्हाव्याचा दोष म्हणा, गरिबीचा म्हणा, अज्ञानाचा म्हणा. एका मुलाचे जग अंधारले, एवढे खरे.

अशा मुलाने तेव्हाच्या इजिप्तमध्ये काय व्हायचे? कुरआन पाठ करायचे आणि लोकांच्या घरी, कबरींवर पठण करून पोट भरायचे. वाट ठरलेली होती. ताहाने कुरआन पाठ केलेही. नऊ वर्षांचा व्हायच्या आत तो हाफिज झाला होता. पण तिथे तो थांबला नाही. १९०२ मध्ये भावाच्या सोबतीने कैरोला अल-अझहरमध्ये शिकायला गेला. तिथे त्याचे शिक्षकांशी खटके उडू लागले, कारण पाठ करण्यापेक्षा तो प्रश्न फार विचारायचा. अझहरची 'आलिम' ही पदवी त्याला मिळालीच नाही. १९०८ मध्ये कैरोत नवे विद्यापीठ सुरू झाले, तो तिकडे गेला आणि १९१४ मध्ये त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारा पहिला विद्यार्थी ठरला. प्रबंधाचा विषय होता अबुल अला अल-मअर्री. हा ११ व्या शतकातला अरबी कवी, तोही लहानपणीच आंधळा झालेला.

फ्रान्सला जाण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला तर तो नामंजूर झाला. ताहांनी पुन्हा अर्ज केला. फ्रेंच शिकले, पुढे लॅटिनही शिकले. पॅरिसच्या सोर्बोनमध्ये इब्न खल्दूनवर प्रबंध लिहून दुसरी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतून प्राध्यापक झाले, लेखक झाले. १९२६ मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने एवढे वादळ उठले की प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत असायलाच हवे असे नाही, मीही नाही. पण १९५० मध्ये हा माणूस इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि त्याने माध्यमिक शिक्षण मोफत केले. शिक्षण हवा-पाण्यासारखे सर्वांचे असले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ज्याला कबरीवर बसून पठण करण्याची वाट आखून दिली होती, त्याने देशातल्या लाखो मुलांसाठी शाळेची दारे उघडली. याला मी जिद्द म्हणते.

आतापर्यंत जे लिहिले, ते मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. गेल्या वर्षी दहावीच्या निरोप समारंभाच्या आधी असेच सांगत होते. तास संपला, मुली बाहेर पडल्या, एक मागे राहिली. नाव लिहीत नाही. वर्गात पहिल्या तिघींत असणारी, विज्ञानाची आवड, नर्सिंगला जायचे म्हणणारी. ती म्हणाली, 'टीचर, जिद रही तो सब होता ना?' मी म्हटले, 'बहुत कुछ होता.' ती थोडी थांबली. मग म्हणाली, 'फिर मेरी अम्मी में जिद कम थी क्या?'

तिच्या आईला मी ओळखते. सातवीत पहिली आलेली मुलगी. पुढे गावात शाळा नव्हती, तिथेच शिक्षण संपले. १६ व्या वर्षी लग्न झाले. आज घरी शिलाई मशीन चालवते. मुलीची प्रगतीपुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवते. पालकसभेला एकदाही चुकलेली नाही. तिच्यात जिद्द कमी होती असे कोण म्हणेल?

त्या प्रश्नाने मला या सगळ्या गोष्टी पुन्हा एकदा नीट वाचायला लावल्या. आणि लक्षात आले की त्यांत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले आहे, ते आपण व्यासपीठावरून वाचून दाखवत नाही. ताहांचा हात धरून त्यांना अझहरपर्यंत नेणारा भाऊ होता. फ्रान्समध्ये सुझान नावाची तरुणी त्यांना पुस्तके वाचून दाखवत होती, पुढे ती त्यांची पत्नी झाली. आयुष्यभर त्यांचे वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि लिखाण दुसऱ्याच्या हाताने झाले. अब्दुल हक यांच्या पाठीशी एका संस्थानाची नोकरी होती. नामदेवच्या नशिबी एवढेच की त्याच्यासमोर एक खिडकी होती आणि आतला माणूस मान वर करून पाहणारा होता. अशा खिडक्या नसलेल्या बागांत किती नामदेव होऊन गेले असतील?

आपल्या महाराष्ट्रातही हेच दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. आज राज्यभर या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालये आहेत. भाऊरावांची जिद्द डोंगराएवढी, यात शंका नाही. पण बोर्डिंगातले धान्य संपले तेव्हा चूल पेटावी म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा. रयतचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्या वडाच्या मुळाशी एका बाईचे सोने आहे, हे प्रत्येक मुलीला माहीत असले पाहिजे. लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या. वड वाढलेला त्यांनी पाहिला नाही.

आणि आनंदीबाई जोशी. १८६५ चा जन्म, ९ व्या वर्षी लग्न, १४ व्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. उपचार मिळाले असते तर वाचले असते, या दुःखातून डॉक्टर व्हायचे ठरले. पती गोपाळरावांनी एका मिशनरी गृहस्थाला पत्र लिहिले, ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या, तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी ओळखदेख नसलेल्या मुलीला पत्र लिहिले, आणि पुढे तिला आपल्या घरात ठेवून घेतले. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. १८८५ चे एक छायाचित्र आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबत इस्लाम्बूली. मी ते छापून वर्गात लावले आहे. मुली त्यातला आनंदीबाईंच्या साडीचा काठ निरखून पाहतात.

कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळालेली होती. पण परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण नव्हती. एकही दिवस त्या खुर्चीवर बसता आले नाही. जिद्द असली की सगळे होते, हे वाक्य आनंदीबाईंच्या चरित्रासमोर ठेवून पाहा, ते टिकत नाही. तरीही त्यांचे आयुष्य वाया गेले असे म्हणायला कोणाची जीभ धजावणार नाही. त्यांच्या मागून गेलेल्या मुलींना 'असे कधी झाले आहे का' या प्रश्नाला उत्तर मिळालेले होते.

माझे स्वतःचेही थोडे सांगते. बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा माझी मुलगी ११ महिन्यांची होती. अभ्यासक्रम तेव्हा एका वर्षाचा होता. सराव पाठ, टाचणे, तक्ते, रोजची ये-जा. नातेवाईक म्हणत, आता कशाला ही जिद? तेव्हा सासूबाई, ज्यांना स्वतःला सहीपुरतेच लिहिता येते, एवढेच म्हणाल्या, 'बच्ची को मैं देखती, तू जा.' वर्षभर त्यांनी पाहिले. पदवीच्या कागदावर माझे एकटीचे नाव आहे.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले : 'नहीं बेटा, अम्मी में जिद कम नहीं थी. उनके लिए घडा उठाने वाला कोई नहीं था.' आणि रविवारी तिच्या घरी गेले. तिचे वडील वेल्डिंगच्या दुकानात काम करतात. मनात मी बराच युक्तिवाद तयार करून नेला होता. इल्म मिळवणे हे कसे फर्ज आहे, मुलीच्या शिक्षणाने घर कसे बदलते. त्याची गरजच पडली नाही. ते चहाचा कप पुढे करत म्हणाले, 'मॅडम, पढाई को मेरी ना नहीं. आने का टाइम देखो.' विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी, १४ किलोमीटरवर. प्रॅक्टिकल असले की संध्याकाळची गाडी साडेसातला गावात येते आणि स्टँडपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. अडचण होती ती एवढीच, आणि ती खरी होती. आम्ही व्यासपीठावरून मुलींना आभाळाएवढी स्वप्ने पाहायला सांगतो आणि एक रस्ता अंधारात असतो.

मग जे करायचे ते अगदी साधे होते. खेड्यातून शिकायला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, तो अर्ज भरला. त्याच वस्तीतल्या आणखी दोन मुलींच्या घरी गेलो, तिघी मिळून जातील असे ठरले. प्रॅक्टिकलच्या दिवशी स्टँडवर आळीपाळीने एका घरचे माणूस येईल, हेही ठरले. दिव्यांसाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. पहिल्या अर्जावर दोन खांबांना दिवे आले, तिसऱ्याची वाट पाहतो आहोत. तिघी आज अकरावीत आहेत. पुढे काय होईल, नर्सिंगला प्रवेश मिळेल का, फी कुठून येईल, अल्लाहला ठाऊक. पण सध्या त्या रोज सकाळी सात वीसच्या गाडीने जातात.

थोरांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या सांगायलाच हव्यात. आमच्या मुलांना ताहा हुसैन माहीत हवेत, आनंदीबाई माहीत हव्यात, भाऊराव आणि बाबा-ए-उर्दूही हवेत. विनंती एवढीच की गोष्ट पूर्ण सांगावी. त्यांनी काय केले हे सांगताना त्यांच्यासाठी कोणी काय केले, हेही सांगावे. नाहीतर ज्यांना जमले नाही ती सगळी माणसे आपल्यातच काही कमी होते असे समजून गप्प बसतात, आणि त्यांना मदत करू शकली असती ती माणसे टाळ्या वाजवून घरी जातात.

जिद्द मुलांकडे असते. आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ असते. ती शिकवावी लागत नाही, तीनचार वर्षांच्या पोराकडे बाजारात खेळण्याच्या दुकानासमोर पाहा. जिदची जिद्द व्हायला मात्र मोठ्या माणसांची गरज लागते. कोणाला भावासारखा हात धरावा लागतो, कोणाला पुस्तक वाचून दाखवावे लागते, कोणाला दागिना मोडावा लागतो, तर कोणाला नुसतीच खिडकीतून मान वर करून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. आपल्या मोहल्ल्यात, गल्लीत, नात्यात दहावी झालेली एखादी मुलगी किंवा मुलगा असेलच. त्याला 'जिद्द ठेव' असे जरूर सांगा. त्याच वेळी एवढेही विचारा की कॉलेज किती लांब आहे, गाडी कितीला येते, फॉर्म भरला का, दाखले काढले का, अभ्यासाला घरात जागा आहे का. उत्तर ऐकून घ्या. त्यातले एखादे काम तुमच्या हातून होण्यासारखे निघेल. ते त्याच आठवड्यात करून टाका.